शेवटी येणाऱ्याचा हात

थंडीत कागद लवकर वाळत नाही. भिंतीला चिकटवलेला ताव दुपार कलली तरी बोटाला गार लागतो, आणि घाई करून ओढला की त्याचा कोपरा भिंतीलाच राहतो. त्या वर्षी पेशव्यांच्या घरी लग्न निघालं होतं. आमंत्रणं देशोदेशी जायची होती. फडावरून, म्हणजे सरकारी दप्तरातून, कागदाची मागणी अशी आली की कसब्यातल्या आमच्या कागदीपुऱ्यात एक भिंत रिकामी दिसत नव्हती. माणसं दारातून वाकून आत जायची, खांदा तावाला लागू नये म्हणून.

माझे अब्बा चांदभाई दिवस उगवायच्या आधीच मुठा नदीत उतरायचे. जुनं गोणपाट, दोर, चिंध्या चुन्यात कुजवून, पायानं चालवायच्या ढेगीखाली कुटून त्याचा लगदा करायचा आणि तो फडक्यात धरून वाहत्या पाण्यात धुवायचा. एक टोक अब्बांच्या हातात, दुसरं त्यांचा जोडीदार जयसिंग याच्या हातात. दोघं कंबरभर पाण्यात. बाहेर आले की अब्बांच्या पायांना रंगच नसायचा. घरात अम्मा आणि मी घोटाईला. खळ लावून वाळलेला ताव फळीवर पसरायचा आणि गुळगुळीत गोट्यानं घासत राहायचं, कागदावर बोरू अडखळणार नाही इतका तो तुकतुकीत होईपर्यंत. घर्र, घर्र. तो आवाज थांबला तर आमच्याकडे कोणीतरी आजारी आहे असं शेजारी समजायचे.

माझा धाकटा भाऊ कासम सकाळी पंतोजींच्या शाळेत जाई आणि दुपारी आमच्याबरोबर घोटाईला बसे. त्याला शाळेत घालायचं अम्माच्या मनात होतं. "जन्मभर कागद करतो आपण," ती म्हणायची, "त्यावर काय लिहिलंय ते घरात एकाला तरी कळू दे." शाळेत तांबटांची, वाण्यांची, कारकुनांची मुलं होती. त्यांत हा एक कागद्याचा.

एका दुपारी आम्ही घोटलेले ताव अब्बांनी उजेडाकडे तिरपे धरून पाहिले आणि एक बाजूला काढला.

"हा कोणी घोटला?"

तावावर मधेच मंद पट्टे होते. गोटा दाबून फिरवला नव्हता.

"मी," कासम म्हणाला.

"हात दुखतो का राजेसाहेबांचा?"

अम्मानं त्याची मूठ उघडली. तळहात सुजून पुरीसारखा झाला होता.

"छडी," तो म्हणाला. "उशीर झाला."

त्या शाळेची रीत सगळ्या पेठेला माहीत होती. सकाळी सगळ्यांत आधी येणाऱ्या मुलाच्या तळहातावर पंतोजी बोटानं श्री काढत. दुसऱ्याच्या हातावर पूज्य, नुसतं गोल. त्याला मान नाही, मारही नाही. तिसऱ्याला आणि त्याच्या मागच्यांना नावापुरती एकेक छडी. पण शेवटी येणाऱ्याचा हात पंतोजी थकेपर्यंत मार खायचा.

"मग लवकर जायला काय होतं?" अब्बांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "मी काळोखात नदीत उतरतो. तुला उन्हात शाळेत जाववत नाही?"

दुसऱ्या दिवसापासून अम्मा त्याला कोंबड्याबरोबर उठवू लागली. भाकरीचा तुकडा हातात देऊन बाहेर काढायची. तो दुपारी परत यायचा तो हात काखेत धरून. मग त्याला आणखी लवकर उठवलं. रस्त्यावर झाडूवालाही नसायचा तेव्हा हा निघे. तरी शेवटचा.

"नदीवर खेळत बसत असणार," अब्बा म्हणाले. दुसरं काही त्यांच्या मनात आलंच नाही. आणि हाताला औषध म्हणून त्यांनी त्यांना ठाऊक होतं तेच केलं. आमच्यात नव्या पोराचे हात चुन्याच्या निवळीत बुडवतात. कातडी आधी भाजते, मग जाड होते, मग लगदा, पाणी, थंडी काही लागत नाही. अब्बांचे हात असेच झाले होते, त्यांच्या बापाचेही. "बुडव," ते म्हणाले, "चार दिवस चुरचुरेल. मग छडीच मोडेल, हात नाही."

कासमनं बुडवले. दात ओठात रोवून बुडवले. पण कागद्याचा हात वर्षभर हळूहळू तयार होतो, त्यावर कोणी रोज छडी मारत नाही. थंडीनं आधीच तडकलेली कातडी चुन्यानं फाटली. दोन दिवसांनी मी त्याच्यापुढचा ताव उचलला तर पांढऱ्या कागदाच्या कडेला तांबूस डाग होता, अंगठ्याएवढा. मी तो अम्मापुढे धरला. तिनं गोटा खाली ठेवला. आमच्या घरातला आवाज थांबला.

"कासम, खरं सांग. कुठं असतोस?"

"पडलो," तो म्हणाला. तेवढंच. मग त्यानं गोटा उचलला आणि डाव्या हातानं घोटू लागला.

दुसऱ्या दिवशी अम्मा डोक्यावर पदर घेऊन त्याच्या मागोमाग निघाली. मला बरोबर घेतलं. शाळा एका ओसरीवर भरायची. समोर कोपऱ्यावर मथुराबाईची भट्टी होती. ती फुटाणे-लाह्या भाजून विकायची. तोंडानं मोठी तिखट. आम्हाला पाहून तिनं झारा हलवायचा थांबवला.

"आलीस एकदाची. मी म्हटलं, ह्या पोराला आईबाप आहेत की नदीत वाहून आलंय?"

"मथुराबाई, हा रोज उशिरा येतो म्हणतात."

"उशिरा? तुझा मुलगा सूर्याच्या आधी येतो, मुमताज. सूर्यालाच छडी मारायला हवी. तो बघ, आडामागं."

आडाच्या दगडी भिंतीमागे चार मोठी मुलं होती. मधे कासम उकिडवा बसला होता. त्यांतला थोराड मुलगा श्रीधर. त्याचे वडील गोपाळपंत फडावर कारकून होते, आमचे कागद तेच पारखून घेत. श्रीधर कासमच्या खांद्यावर पाय ठेवून उभा होता, अगदी सहज, पायरीवर ठेवावा तसा.

"नाक धरा रे, चिंध्या आलाय!" एक म्हणाला.

"चिंध्या, तुझं धोतर कुजवून किती ताव निघतील?"

"म्हण, मी गोणपाट. म्हण, मग सोडतो."

"मी गोणपाट," कासम म्हणाला. आवाजात रडू नव्हतं. रोजचं काम असल्यासारखं त्यानं ते म्हटलं, आणि तेच मला आजही सोसत नाही.

"मोठ्यानं. आणि बस अजून. अजून वाण्याचा बाब्या यायचा आहे."

म्हणजे असं होतं. एकेक मूल आत जाईपर्यंत त्याला धरून ठेवायचं. मग आपण जायचं आणि त्याला सगळ्यांच्या मागून सोडायचं. मारायचे पंतोजी. यांना नावापुरती एकेक छडी.

"मी ओरडले होते एकदा," मथुराबाई म्हणाली. "तर त्या दिवट्यानं माझी लाह्यांची पाटी लाथेनं उडवली. वर म्हणतो, बाबांना सांगेन, भट्टी उठवतील. कारट्याला मिसरूड फुटली नाही आणि भट्टी उठवतोय!"

अम्मा धावली. मुलं पांगली, हसत. पण तोवर बाब्या आत गेला होता. कासम उठला, अम्माकडे बघितलंही नाही, आणि ओसरीकडे चालू लागला. हात आधीच पुढे केलेला.

घरी अम्मानं अब्बांना सांगितलं. ते नुकतेच नदीवरून आले होते, पायाला फडकं गुंडाळत होते. त्यांचे हात मधेच थांबले. "मी त्याला मारलं," एवढंच ते म्हणाले. मग उठले, कोरडा सदरा घातला, आणि शाळा सुटायच्या वेळी पंतोजींकडे गेले. मी मागे होते.

पंतोजी ओसरीवर बसले होते, अब्बा खाली अंगणात उभे. बसा कोणी म्हटलं नाही.

"आपण थोर आहात, पंतोजी. पण पोरगं उशिरा येत नाही. त्याला आडामागं धरून ठेवतात."

"कोण धरतं?"

"गोपाळपंतांचा श्रीधर. आणखी तिघं."

पंतोजींनी उपरणं झटकलं. "अरे, माझ्यापुढं मूल येतं तेव्हा पहिलं आलं की शेवटचं एवढंच मी पाहतो. आडामागं काय चालतं ते पाहायला मी आड आहे का?"

"एकदा त्याचा हात तरी बघा."

"रोजच बघतो. त्याशिवाय छडी लागेल कुठं?" ते हसले. वाईट हसले नाहीत, हेच वाईट. "चांदभाई, मुलं आहेत. थट्टा करायचीच. तुझा मुलगा जरा निब्बर कर."

निब्बर! चुन्यात बुडवून झाला होता तो.

दोन दिवसांनी तावांचे गठ्ठे घेऊन आम्ही फडावर गेलो. माझ्या डोक्यावर एक, अब्बांच्या डोक्यावर दोन. गोपाळपंतांनी ताव चिमटीत धरला, कानाशी नेऊन फडफडवला, उजेडाला धरला. अब्बा हात जोडून म्हणाले, "सरकार, एक अर्ज होता. आपला श्रीधर माझ्या पोराला..."

"कळलं. पंतोजी बोलले." त्यांनी मान वर केली नाही. "पोरं पोरं खेळतात. त्यात तुझ्यामाझ्यासारख्यांनी पडू नये. नाही का?"

"खेळ नाही हो तो."

तेव्हा त्यांनी वर बघितलं. तोच ताव पुन्हा चिमटीत घेतला.

"अरे चांद, कागद यंदा ओलसर वाटतो रे. असे आले तर घ्यायचे कसे? लग्नाचं काम. विचार कर."

कागद खडखडीत वाळलेला होता. अब्बांना माहीत होतं, गोपाळपंतांना माहीत होतं, गठ्ठा वाहून आणलेल्या मला माहीत होतं. तरी अब्बा म्हणाले, "चूक झाली, सरकार. पुढच्या वेळी नीट वाळवतो."

घरी येऊन अब्बा ताव उचलायच्या साच्यापाशी उभे राहिले. साचा हौदात बुडवला, वर काढला, ताव नीट बसला नव्हता, परत पाण्यात मोडला.

"उद्यापासून त्याची शाळा बंद," ते म्हणाले. "माझ्याबरोबर हौदावर उभा राहील. आम्ही काय अक्षरांशिवाय मेलो?"

अम्मा तावाला खळ लावत होती. कुंचला खाली ठेवून तिनं हात पुसले.

"म्हणजे त्यांनी पाय ठेवला खांद्यावर, आणि आपण खांदाच काढून घ्यायचा."

"मग काय करू? भांडू? उद्या ताव परत आले तर खाशील काय? लगदा?"

"तुम्ही पंतोजींकडे हात जोडलेत. त्या कारकुनाकडे जोडलेत. कासमच्या हातांचं काय झालंय ते बघायला दोघांपैकी एकानं मान वाकवली का? तुम्ही स्वतः किती वेळा बघितलेत ते हात? नुसते चुन्यात घातलेत."

"मला ठाऊक नव्हतं."

"मलाही नव्हतं. मीच त्याला अंधारात उठवून त्यांच्या तोंडी दिला, रोज. आता ठाऊक आहे ना? आता गप्प बसलं तर ते आपणच केलेलं."

अब्बा ढेगीकडे गेले आणि कुटू लागले. लगदा आधीच कुटलेला होता.

सकाळी अम्मानं घोटायची फळी डोक्यावर घेतली. गोटा कमरेला, तावांचा गठ्ठा माझ्याकडे. कासमचं बोट धरून ती थेट मथुराबाईच्या कोपऱ्यावर गेली आणि भट्टीशेजारी, ओसरीच्या बरोबर समोर, फळी मांडून बसली.

"इथं घोटणार?" मथुराबाईनं विचारलं.

"घरी उजेड कमी पडतो."

"हो, हो. आमच्या कोपऱ्यावरचा उजेड प्रसिद्धच आहे." तिनं आपली पाटी सरकवून जागा केली.

मुलं आडापाशी आली. श्रीधरनं बघितलं, थांबला. अम्मानं वर पाहिलं नाही. घर्र, घर्र. गोटा चालू होता. कासम तिच्या शेजारून उठला, आडावरून सरळ चालत गेला. कोणी पुढे झालं नाही. बाईमाणसासमोर कुणाला पाय उचलवेना. ती चौघं तिथंच घुटमळत राहिली. मागून बाब्या आला, तांबटांची मुलं आली, सगळी आत गेली.

कासम त्या सगळ्यांच्या आधीच ओसरीवर चढला होता. पंतोजी आसनावर बसत होते. त्यांनी नजर न वळवता बोट पुढे केलं, रोजच्या सवयीनं. "हात."

कासमनं उजवा हात उघडला.

पंतोजींचं बोट हातावर आलं आणि थांबलं. मी कासमच्या मागोमाग ओसरीच्या पायरीशी आले होते, मला दिसत होतं. तळहातावर चिरा होत्या, चिरांत चुना बसलेला, मधे सुजून फुटलेलं. त्यांनी बोट जरा वर नेलं, जरा खाली. श्री काढायला जागा नव्हती.

"दुसरा," ते म्हणाले. आवाज बदलला होता.

दुसराही तसाच होता.

समोरचा गोटा थांबला. अम्मा रस्ता ओलांडून अंगणात आली.

"काढा ना, पंतोजी. तो पहिला आलाय."

"बाई, आपण बाहेर..."

"बाहेरच आहे मी. काढा. जागा तुमच्याच छडीनं केलेली आहे."

दारावरून जाणारा कोणी एक थांबून म्हणाला, "तुमच्यात चालते का हो श्री?"

"छडी चालली इतके दिवस," अम्मा त्याच्याकडे न वळता म्हणाली, "श्री का नाही चालणार?"

एवढ्यात श्रीधर वडिलांना घेऊन आला. शेवटचा राहिला होता ना, आज छडी त्याला लागली असती. म्हणून तो घराकडे पळाला होता. गोपाळपंत अर्धवट पगडीत, चिडलेले.

"ही काय रीत? बाईनं रस्त्यात दुकान मांडायचं आणि शाळेत शिरायचं? चांद कुठं आहे?"

"इथं आहे."

अब्बा रस्त्यावर उभे होते. नदीवरून तसेच आले होते, कमरेखाली ओले, पाय गुडघ्यापर्यंत लगद्यानं पांढरे. लगदा धुवायचं फडकं अजून हातात. जयसिंगच्या हातून दुसरं टोक सोडवून आले असणार. ते थंडीनं कापत होते. एरवी ते गोपाळपंतांसमोर कंबरेत वाकत. आज कापण्यामुळे असेल, वाकता आलं नाही.

"हिला घरी ने," गोपाळपंत म्हणाले. "नाहीतर तुझे ताव सगळेच ओले निघतील, सांगून ठेवतो."

"निघू देत," अब्बा म्हणाले. "ती उद्याही इथंच बसेल. सरकारांना कागद नको असतील तर नका घेऊ. पण माझ्या पोराला आडामागं कोण बसवतं ते मी आता रोज बघणार. आणि बसवलं तर ह्याच रस्त्यावर, सगळ्यांसमोर, तुम्हाला हाक मारणार. तुमच्या घरी येऊन हात जोडणार नाही."

मथुराबाईनं भट्टीत मूठभर धान टाकलं. ते तडतडलं. कोणी हसलं नाही.

पंतोजींनी कासमचा हात अजून धरलेलाच होता. त्यांनी तो उलटा केला आणि मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथं कातडी धड होती, तिथं हलक्या बोटानं श्री काढली. मग श्रीधरकडे पाहिलं, गोपाळपंतांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "आत या. उजळणीला बसा." छडी त्यांनी आसनाखाली सरकवली. श्रीधरला ते एक शब्द बोलले नाहीत. त्याच्या हातावर एकही छडी पडली नाही. आज मी म्हातारी झाले, ते घर, ती भिंत, ती भट्टी काही उरलं नाही, पण एवढं मला अजून माफ करता आलेलं नाही.

आमचे ताव परत आले. लग्नाच्या कागदाचं आमच्या वाट्याचं काम शेजारच्या घराकडे गेलं. जयसिंग दुसऱ्याबरोबर नदीत उतरू लागला. त्या हिवाळ्यात आम्ही नुसत्या मिठाशी भाकरी खाल्ली. अम्मा तरी रोज फळी घेऊन कोपऱ्यावर बसली. घोटायला ताव नसायचे तेव्हा एकच ताव पुन्हा पुन्हा घोटायची. तो शेवटी आरशासारखा झाला होता.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी संध्याकाळी अब्बा चुलीपाशी पाय शेकत बसले होते. अम्मा आणि मी दिवा लागायच्या आत उरलेले ताव घोटत होतो. अब्बांनी कासमला जवळ बोलावलं, चुन्याचं भांडं पायानं दूर सरकवलं आणि आपला हात त्याच्यापुढे पसरला. दगडासारखा हात.

"मी मारलं होतं ना तुला? मार."

कासम त्या हाताकडे बघत राहिला. मग त्यानं खळीच्या वाडग्यात बोट बुडवलं आणि अब्बांच्या तळहातावर सावकाश काहीतरी रेखाटलं. बोट दुखत असणार. वळणाशी थांबला, पुन्हा सुरू केलं.

"काय लिहिलंस रे?" अब्बांनी विचारलं. त्यांना येत नव्हतं वाचायला.

"पहिला येतो ना, त्याच्या हातावर काढतात ते."

अब्बांनी हात मिटला नाही. खळ वाळेपर्यंत तसाच धरून बसले.

"पहिले कसले?" अम्मा गोटा न थांबवता म्हणाली. "सगळ्यांच्या शेवटी आलात."